नदी बुडते तिथून रस्ता जातो: फ्लॉरिडातली सांता फे

अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्याचा तपशीलवार नकाशा उघडा आणि राज्याच्या उत्तर भागात गेन्सव्हिल हे शहर शोधा. त्याच्या वायव्येला हाय स्प्रिंग्ज नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या जरा वर पूर्वेकडून पश्चिमेकडे येणारी नदीची निळी रेघ दिसते आणि ती मध्येच तुटते. पुढे सुमारे पाच किलोमीटर नुसतं रान आहे, अधूनमधून एखादं गोल तळं. मग तीच रेघ पुन्हा सुरू होते. ही छपाईची चूक नाही. नदी तिथे खरोखरच जमिनीखाली जाते आणि पाच किलोमीटरवर पुन्हा वर येते.

ही सांता फे नदी. लांबी सुमारे १२१ किलोमीटर, पाणलोट क्षेत्र साडेतीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. अमेरिकेच्या मानाने ही अगदी किरकोळ नदी. तरी तिचा भूगोल आणि तिचं नाव एकत्र समजून घेण्यासारखं आहे, कारण दोन्हींचं मूळ एकाच जागी सापडतं: नदी जिथे गडप होते त्या जागी. जमिनीखाली गेलेल्या नदीवर आपोआप एक पूल तयार झाला, त्या पुलावरून वाट गेली, वाटेवर स्पॅनिश पाद्र्यांचं ठाणं बसलं आणि ठाण्याचं नाव नदीला चिकटलं. ही साखळी एकेक कडी धरून पाहू.

वरची नदी: कोऱ्या चहाच्या रंगाची

नदीचा उगम सांता फे तलावात. तलावाकाठी मेलरोज नावाचं गाव आहे. तलावातून पाणी धबधब्यासारखं उसळून बाहेर पडत नाही. ते एका मोठ्या पाणथळ जंगलात झिरपत शिरतं आणि तिथून हळूहळू नदीचा आकार घेतं. उगम समुद्रसपाटीपासून जेमतेम ४०–४५ मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उतार फारच थोडा. सह्याद्रीतली नदी डोळ्यांसमोर आणली तर ही नदी वाहते आहे की उभी आहे असा प्रश्न पडेल. वाटेत न्यू रिव्हर आणि ओलस्टी क्रीक हे उत्तरेकडचे मुख्य प्रवाह तिला मिळतात. अलाचुआ जिल्ह्याची उत्तर सीमा म्हणजे बऱ्याच अंतरापर्यंत हीच नदी. पलीकडे ब्रॅडफर्ड, युनियन आणि कोलंबिया हे जिल्हे.

या वरच्या भागात पाणी काळपट तांबूस दिसतं. ओंजळीत घेतलं तर बिनदुधाच्या चहासारखं. ते घाण नसतं. पाणथळ जंगलात पडलेली पानं, साली, मुळं पाण्यात मुरतात आणि त्यांतलं टॅनिन पाण्यात उतरतं. चहापत्तीचा रंगही याच जातीच्या द्रव्यांमुळे उतरतो. असं पाणी किंचित आंबट असतं. हा आंबटपणा लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

नदी का बुडते?

उत्तर फ्लॉरिडाच्या पोटात चुनखडकाचा जाड थर आहे. या भागातला वरचा चुनखडक ३.४ ते ३.८ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात तयार झाला, शिंपले आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा गाळ साचून. त्याच्यावर नंतरच्या काळात चिकणमाती आणि वाळूचे थर बसले. पूर्वेकडे, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, ही चिकणमाती अजून शाबूत आहे. ती पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून तिथे पाऊस पृष्ठभागावरून वाहतो, तळी साचतात, ओढे तयार होतात. पश्चिमेकडे हा मातीचा थर झिजून गेला आहे आणि चुनखडक जवळजवळ उघडा पडला आहे.

मातीचा थर जिथे संपतो ती एक लांबलचक, नागमोडी उताराची कड आहे. भूवैज्ञानिक तिला कोडी कड म्हणतात. सांता फे बुडते ती याच पट्ट्यात. तोवर जणू ताडपत्रीवरून वाहत आलेलं पाणी ताडपत्री संपताच चाळणीवर येतं. या कडेवर नुसती सांता फेच नाही, आणखीही लहान नद्या आणि ओढे असेच जमिनीत शिरतात.

चुनखडकाची चाळण कशी होते? पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि सौम्य कार्बॉनिक आम्ल बनतं. चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. या आम्लाशी किंवा वरून आलेल्या नदीच्या आंबट पाण्याशी गाठ पडली की ते विरघळतं आणि पाण्यासोबत वाहून जातं. हे घरी बघता येतं. स्वयंपाकघरात शहाबादी फरशी असेल तर तिच्या एखाद्या उरलेल्या तुकड्यावर लिंबू पिळा आणि डोळा जवळ नेऊन पाहा: बारीक बुडबुडे येतात आणि पुसल्यावर तिथली चकाकी गेलेली असते. शहाबादी हा चुनखडकच आहे, म्हणून तर त्या फरशीवर लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडलं की डाग पडतो. (शाळेच्या खडूवर हा प्रयोग करू नका. बाजारातला खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो, तो फसफसत नाही आणि उगाच गोंधळ होतो.) हाच थेंब काळ्या बेसाल्टवर टाकला तर काही होत नाही. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टवर उभा आहे, म्हणून आपल्याकडे कृष्णा किंवा भीमा अशी अख्खी जमिनीत शिरत नाही.

फ्लॉरिडात हे विरघळणं लाखो वर्षं चाललं आहे. ते सगळीकडे सारखं होत नाही. खडकात आधीपासून असलेल्या भेगांतून पाणी जास्त जातं, म्हणून भेगा रुंद होतात, रुंद झाल्या म्हणून आणखी पाणी त्यांच्याकडे वळतं. शेवटी भेगेचं भुयार होतं. भुयाराचं छत पातळ झालं की ते कोसळतं आणि वर जमिनीत गोल खड्डा पडतो, हेच विवर. नदीच्या तुटलेल्या रेघेच्या मधल्या पाच किलोमीटरांत नकाशावर जी गोल तळी दिसतात, त्यांतली बरीचशी अशी छत कोसळलेली ठिकाणं आहेत. स्वीटवॉटर लेक हे त्यांपैकी एक. खालच्या भुयाराला पडलेली ती खिडकी म्हणा.

बुडण्याची आणि वर येण्याची जागा

नदी गडप होते ती जागा ओ'लेनो स्टेट पार्कमध्ये आहे. तिथे कडेलोट नाही, गर्जना नाही. नदी एका झाडीने वेढलेल्या गोल डोहात येते आणि थांबल्यासारखी वाटते. नीट पाहिलं तर पृष्ठभागावरचा फेस, पानं, हिरवं शेवाळ आणि ओंडके सावकाश गोल फिरत असतात, कारण पाणी खालून ओढलं जात असतं. डोहाला पुढे बाहेर जायची वाट नाही. पलीकडचा काठ सरळ जंगलात चढतो.

वर येण्याची जागा रिव्हर राइज या नावाच्या संरक्षित उद्यानात आहे. तिथेही तसाच गोल, शांत डोह. तळातून पाणी वर येतं आणि एका बाजूने नदी होऊन निघून जातं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा कुठल्यातरी तळ्याचा काठ वाटतो.

बुडलेलं पाणी आणि वर आलेलं पाणी एकच, हे ठरवायचं कसं? नुसता रंग बघून भागत नाही. या भागात वापरलेल्या दोन युक्त्या समजायला सोप्या आहेत. पहिली, पाण्यात निरुपद्रवी शोधक वायू मिसळायचा आणि पुढच्या विवरांत व वर येण्याच्या जागी तो सापडतो का ते तपासायचं. दुसरी त्याहून स्वस्त, ती म्हणजे तापमान. या भागातलं भूजल बाराही महिने २२–२३ अंश सेल्सियसच्या जवळ असतं. नदीचं पाणी मात्र हवेप्रमाणे तापतं आणि गार होतं. उत्तरेकडून थंडीची लाट आली की बुडण्याच्या जागी पाणी एकदम गार होतं. तो गारवा आधी मधल्या विवरांत आणि मग वर येण्याच्या जागी किती वेळाने पोचला हे तापमापकांच्या नोंदींवरून कळतं, आणि त्यावरून पाण्याचा वेग निघतो. नदी भरलेली असताना हा प्रवास साधारण एका दिवसात उरकतो. पाणी आटलेलं असताना त्याला कित्येक दिवस लागतात.

यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. कोरड्या दिवसांत जेवढं पाणी बुडतं त्याहून जास्त वर येतं. कारण भुयाराच्या भिंतींतला चुनखडक स्वतः पाण्याने भरलेला असतो आणि तो आपलं स्वच्छ पाणी भुयारात सोडत असतो. पुराच्या वेळी उलटं होतं. भुयारात पाण्याचा दाब इतका वाढतो की काळं नदीचं पाणी भिंतींच्या छिद्रांत, आजूबाजूच्या खडकात ढकललं जातं. पूर ओसरला की तेच पाणी काही काळाने परत येतं. म्हणजे खडक हा नुसता नळ नाही, स्पंज आहे. इथे विहीर असणाऱ्यांच्या दृष्टीने याला मोठा अर्थ आहे. पुराच्या वेळी नदीचं गढूळ, सेंद्रिय द्रव्यांनी भरलेलं पाणी थेट भूजलात शिरतं, मधे गाळून घेणारी माती नसते. म्हणून पुरानंतर विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये.

मोरी तुंबते तेव्हा

बुडण्याच्या जागेची पाणी घेण्याची क्षमता ठरलेली आहे. मोरीला जाळी एकच आणि वरून बादल्या ओतत राहिलो तर जे होतं तेच इथे होतं. वरच्या भागात चिकणमातीमुळे पाऊस जिरत नाही, सगळा लोंढा नदीत येतो, भुयार तेवढं घेऊ शकत नाही आणि पाणी मागे साचत जातं. फारच चढलं तर ते डोहाचा काठ ओलांडून जंगलातूनच, एरवी कोरड्या असलेल्या जमिनीवरून पुढे वाहू लागतं. २०१२ च्या जूनमध्ये डेबी हे उष्णकटिबंधीय वादळ आलं तेव्हा दुष्काळाने खालावलेली ही नदी काही दिवसांत पुराच्या पातळीला गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळानंतर नदी इतक्या झपाट्याने चढली की ओ'लेनोच्या वरच्या अंगाला नदी ओलांडणारा आय-७५ हा आंतरराज्य महामार्ग बंद करावा लागेल असा इशारा सरकारी खात्यांना द्यावा लागला. वादळ निघून गेलं होतं, ऊन पडलं होतं आणि नदी मात्र चढत होती. या नदीकाठच्या माणसाने आकाशाकडे पाहून भागत नाही. वरच्या भागात दोन-तीन दिवसांपूर्वी किती पाऊस झाला ते पाहावं लागतं.

नाव कुठून आलं

आता पाच किलोमीटरच्या त्या कोरड्या पट्ट्याकडे वाटसरूच्या नजरेने पाहा. वरच्या अंगाला नदी, खालच्या अंगाला पुन्हा नदी, आणि मधे पाय न भिजवता पलीकडे नेणारी सलग जमीन. इंग्रजीत तिला नैसर्गिक पूल अशा अर्थाचंच नाव आहे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या कुणालाही ही जागा सोन्याहून मोलाची.

युरोपियन लोकांपैकी या नदीशी पहिली गाठ एर्नांदो दे सोतोच्या स्पॅनिश सैन्याची पडली, ऑगस्ट १५३९ मध्ये. त्यांच्या बखरींत वाटेत एक नदी येते जिला त्यांनी ‘भांडणांची नदी’ असं नाव दिलं होतं. बहुतेक इतिहासकार ती सांता फेच मानतात. तिथे सैनिकांनी लाकडाचा पूल बांधून नदी ओलांडली. म्हणजे नैसर्गिक पूल त्यांच्या वाटेत आला नाही. हे नाव टिकलंही नाही. सैन्य पुढे निघून गेलं, नाव वापरणारं कुणी मागे उरलं नाही. नाव टिकायला ते रोज उच्चारणारी माणसं लागतात.

ती माणसं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आली. अटलांटिक किनाऱ्यावरचं सेंट ऑगस्टीन हे स्पॅनिशांचं मुख्य ठाणं होतं, १५६५ साली वसवलेलं. तिथून फ्रान्सिस्कन पाद्री पश्चिमेकडे सरकत गेले आणि तिमुकुआ या इथल्या मूळच्या लोकांच्या गावांत एकेक चर्च उभं करत गेले. आजच्या अलाचुआ जिल्ह्याच्या वायव्य भागात, नदीच्या दक्षिणेला, त्यांनी जे ठाणं वसवलं त्याचं नाव सांता फे दे तोलोका.

या ठाण्यांच्या नावांची एक ठरलेली घडण होती. आधी ख्रिस्ती नाव, एखाद्या संताचं किंवा श्रद्धेच्या विषयाचं. मग ‘दे’, म्हणजे ‘चं’. आणि शेवटी तिमुकुआ गावाचं किंवा प्रदेशाचं मूळ नाव. सान फ्रान्सिस्को दे पोतानो, सान हुआन दे ग्वाकारा, तशीच सांता फे दे तोलोका. ‘सांता’ म्हणजे पवित्र, ‘फे’ म्हणजे श्रद्धा. म्हणजे सांता फे हे कुणा संतिणीचं नाव नाही. तसा समज बऱ्याच जणांचा असतो कारण सांता बार्बारा, सांता मारिया अशी नावं कानावर असतात.

हे नाव स्पॅनिशांच्या फार जवळचं होतं. ग्रानादाला वेढा घालताना इसाबेला आणि फर्दिनांद यांनी १४९१ मध्ये जी पक्की छावणी बांधली तिचं नाव सांता फे. पुढच्याच वर्षी कोलंबसाशी झालेला करारही तिथेच झाला. मग स्पॅनिश जिथे जिथे गेले तिथे हे नाव गेलं. अर्जेंटिनात सांता फे आहे, न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे आहे. त्या राजधानीजवळूनही एक सांता फे नदी वाहते, ती रिओ ग्रांदेला मिळते, आणि इंटरनेटवर शोधताना माणसं हमखास त्या नदीत जाऊन पडतात. म्हणून शोधताना सोबत फ्लॉरिडा किंवा हाय स्प्रिंग्ज हा शब्द घालावा.

पूर्वेचं सेंट ऑगस्टीन आणि पश्चिमेला आजच्या टालाहासीजवळचं सान लुइस यांना जोडणारी ठाण्यांची वाट याच मुलखातून जात होती आणि नैसर्गिक पूल तिला सोयीचा होता. ओझी वाहणारी माणसं, शिपाई, पाद्री, निरोपे, सगळ्यांच्या तोंडी सांता फे हा मुक्कामाचा शब्द झाला. मुक्कामाजवळची नदी ती सांता फेची नदी. नाव असं बसतं.

२० मे १७०२ रोजी दक्षिणी क्रीक लोकांच्या टोळीने या ठाण्यावर हल्ला करून ते जाळलं. क्रीक लोकांना त्या काळी कॅरोलायनातल्या इंग्रजांचं पाठबळ होतं. पुढच्या काही वर्षांत फ्लॉरिडाच्या आतल्या भागातली सगळीच स्पॅनिश ठाणी मोडली. तिमुकुआ लोक रोगांनी, सक्तीच्या मजुरीने आणि गुलाम पकडणाऱ्या हल्ल्यांनी संपत गेले, त्यांची भाषा बोलणारं आज कुणी नाही. ही भाषा १६१० च्या दशकात फ्रान्सिस्को पारेहा या पाद्र्याने लिहून मेक्सिकोत छापून घेतली होती, म्हणून तिच्याबद्दल निदान काही कळतं. तोलोका हा नावाचा तिमुकुआ अर्धा भाग नकाशावरून पुसला गेला, परक्यांनी आणलेला अर्धा राहिला. जागानावांच्या अभ्यासात अशी अर्धी मोडलेली नावं फार भेटतात, आणि दर वेळी कुठला अर्धा उरला ते पाहिलं की त्या मुलखात कुणाचं राज्य झालं ते कळतं.

ठाणं गेलं तरी वाट राहिली. फ्लॉरिडा १८२१ मध्ये अमेरिकेकडे आलं, आणि १८२६ पर्यंत संघ सरकारच्या पैशातून पेन्साकोला ते सेंट ऑगस्टीन रस्ता झाला. पूर्वेकडचा मोठा भाग जॉन बेलामी या बागायतदाराने गुलाम माणसांच्या श्रमांवर बांधला, म्हणून त्याला बेलामी रस्ता म्हणतात. तोही बराचसा जुन्या स्पॅनिश वाटेने आणि याच नैसर्गिक पुलावरून गेला. खाली नदी, वर बैलगाड्या.

उद्यानाच्या ‘ओ'लेनो’ या नावाचा उलगडा वेगळा आहे. आयरिश आडनावासारखं दिसतं, पण त्याचा आयर्लंडशी संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात इथे गिरण्यांचं एक गाव होतं, नाव कीनो. कीनो हा जुगाराचा एक खेळ. १८७६ मध्ये टपाल कार्यालय मिळवताना हे नाव अडचणीचं ठरलं, म्हणून एक अक्षर बदलून लेनो केलं. पुढे रेल्वे गावाला वळसा घालून गेली आणि गाव ओस पडलं. मागे उरलेल्या जागेला लोक ‘ओल्ड लेनो’ म्हणजे जुनं लेनो म्हणू लागले आणि बोलता बोलता त्याचं ओ'लेनो झालं. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी इथे उद्यान उभारलं; नदीवरचा झुलता पूल त्यांच्याच हातचा.

खालची नदी: निळे झरे

रिव्हर राइजच्या पुढे नदीचा स्वभाव बदलतो. इथे ती पावसापेक्षा झऱ्यांवर जगते. हॉर्न्सबी, पो, जिनी, डेव्हिल्स इअर असे झरे एकामागून एक तिला मिळतात. फ्लॉरिडात झऱ्यांची प्रतवारी प्रवाहावरून होते. पहिल्या प्रतीचा झरा म्हणजे सेकंदाला किमान १०० घनफूट, सुमारे २,८०० लिटर. आपल्याकडचा १० हजार लिटरचा टँकर अशा झऱ्याखाली लावला तर साडेतीन सेकंदांत भरेल.

डेव्हिल्स इअर नदीच्या पात्रातच आहे. नदी काळी असते तेव्हा काळ्या पाण्यात मधेच निळ्या काचेसारखा एक तुकडा दिसतो आणि दोन पाण्यांमधली कड सुरीने कापल्यासारखी असते. पाणबुडे आत उतरून वर पाहतात तेव्हा स्वच्छ पाण्याच्या वर चहाच्या रंगाचं नदीचं पाणी वाहत असतं आणि त्यातून गाळून आलेला उजेड नारिंगी-लाल दिसतो.

इथली भुयारं जगभरच्या गुहा-पाणबुड्यांना खेचतात आणि चुका केलेल्यांचे जीवही घेतात. खुल्या समुद्रात अडचण आली तर वर येता येतं; इथे वर खडकाचं छत असतं. त्यात तळाचा बारीक गाळ पायपंख्याच्या एका फटकाऱ्याने उठला की हातभर अंतरावरचंही दिसत नाही. म्हणून नियम कडक आहेत: गुहेचं खास प्रशिक्षण, बाहेरच्या उजेडापर्यंत अखंड जाणारा दोर, प्रत्येकी तीन दिवे, खोलीची मर्यादा आणि हवेचा तिसऱ्या हिश्शाचा नियम. एक हिस्सा आत जायला, एक परत यायला आणि तिसरा अडचणीसाठी न वापरता ठेवायचा. समुद्रातला अनुभव कितीही असो, प्रशिक्षणाशिवाय गुहेत शिरू नये.

याच भागात इचेटकनी ही जेमतेम १० किलोमीटरची नदी सांता फेला मिळते, पूर्णपणे झऱ्यांच्या पाण्याची. तिचं नाव मस्कोगी भाषेतल्या ‘बीव्हरचं तळं’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आलं असं साधारण मानलं जातं. मस्कोगी ही क्रीक आणि काही सेमिनोल लोकांची भाषा, म्हणजे तिमुकुआ गेल्यानंतर इथे आलेल्यांची. एका छोट्या खोऱ्यात स्पॅनिश नावाची नदी आणि तिला मिळणारी मस्कोगी नावाची उपनदी, असे इतिहासाचे दोन थर शेजारी शेजारी आहेत.

झऱ्यांचं दुखणंही याच भूगोलातून येतं. उघड्या चुनखडकावर शेत असेल तर जास्त टाकलेलं खत, गोठ्याचं सांडपाणी आणि सेप्टिक टाक्यांचं पाणी सरळ जलधरात, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खालच्या खडकात, उतरतं आणि झऱ्यातून नदीत निघतं. त्यातला नायट्रेट शेवाळाला खतासारखा लागू पडतो. झऱ्यांसाठी फ्लॉरिडाची मर्यादा लिटरला ०.३५ मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन आहे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० मिलिग्रॅम. दोन आकड्यांमधलं अंतर नीट पाहा. माणसाला चालणारं पाणी झऱ्याला मारू शकतं: तळाचं गवत शेवाळाखाली गुदमरतं, मग त्या गवतावर जगणारे मासे, गोगलगायी, कासवं सगळ्यांची साखळी सुटते. ‘पाणी प्यायला चांगलं आहे ना, मग झालं’ हा युक्तिवाद इथे म्हणूनच चुकीचा आहे.

उपशाचा वादही गाजला. जिनी झऱ्यांच्या परिसरातून बाटलीबंद पाण्यासाठी दिवसाला जवळपास १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३७ लाख लिटर, उपसण्याचा परवाना २०२१ मध्ये मंजूर झाला आणि लोकांचा संताप उसळला. हा आकडा पहिल्या प्रतीच्या एका झऱ्याच्या किमान प्रवाहाच्या दीड टक्का भरतो. संताप योग्यच होता, पण नदी आटण्याचं सगळं खापर बाटल्यांवर फोडलं तर शेती आणि शहरांचा कैक पटींनी मोठा उपसा नजरेआड होतो.

पाहायला जायचं तर

गेन्सव्हिलच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी मुलांना हे सगळं मोटारीने तासाभराच्या आत आहे. ओ'लेनोत झुलता पूल पाहून नदीकाठच्या पायवाटेने बुडण्याच्या डोहापर्यंत चालत जाता येतं. निघण्यापूर्वी नदीची पातळी ऑनलाइन तपासा, पुरात पायवाटा पाण्याखाली जातात आणि उद्यानाचे भाग बंद होतात. डोहात उतरू नका. खालची ओढ वरून दिसत नाही आणि मगरीही असतात. पोहायचं असेल तर खालचे झरे. पाणी बाराही महिने २२–२३ अंशांचं, म्हणजे उन्हाळ्यात पहिल्या डुबकीला दात वाजवणारं आणि जानेवारीत कोमट वाटणारं. झऱ्यांचा निळा रंग पाहायचा तर कोरडे दिवस निवडा. मोठ्या पावसानंतर नदीचं काळं पाणी झऱ्यांवर चढतं आणि निळं काही उरत नाही.

शेवटी ब्रॅनफर्ड गावाच्या दक्षिणेला सांता फे सुवानी नदीला मिळते आणि तिच्या पाण्यासोबत मेक्सिकोच्या आखाताकडे जाते. सुवानी या नावाबद्दल मात्र दोन मतं आहेत. एक मत म्हणतं, तिच्या काठच्या सान हुआन दे ग्वाकारा या ठाण्यातल्या ‘सान हुआन’चा उच्चार झिजून ‘सुवानी’ झाला. दुसरं म्हणतं, शब्द मूळचा इथल्या लोकांचाच, स्पॅनिशांचा त्याच्याशी संबंध नाही. पहिल्या मताचा मुख्य आधार उच्चारातलं साम्य आहे. सांता फेच्या बाबतीत ठाण्याची जागा, त्याचं पूर्ण नाव आणि तिथून जाणारी वाट, तिन्ही हाताशी आहेत.